आधी न्याय, मग सलोखा: गावातला भेदभाव मोडण्यासाठी भागीदारी कशी उभारावी

गावात भेदभाव आहे का, असं पारावर विचारलं की मराठवाड्यात उत्तर ठरलेलं असतं. "आमच्याकडं तसलं काही नाही बघा, सगळे गुण्यागोविंदानं राहतेत." सांगणारा माणूस खोटं बोलत असतो असंही नाही, त्याला खरंच ते दिसत नाही. त्याच गावात भर आषाढात दलित वस्तीतलं एखादं म्हातारं माणूस जातं आणि सरणावर ताडपत्री धरून चार पोरं पावसात उभी राहतात. पत्र्याचं दहनशेड शंभर पावलांवर असतं. ते ग्रामपंचायतीच्या पैशातून झालेलं असतं, तरी 'त्यांचं' असतं.

बीड, लातूर आणि धाराशिव हे जिल्हे जिथं एकमेकांना भिडतात, त्या पट्ट्यातल्या गावांत मी बरीच वर्षं हे काम केलं. कुठं ते उभं राहिलं, कुठं दोन बैठकांत विरलं. एखाद्या गावातली शाळा, बचत गट, ग्रामपंचायत, सप्ताह समिती, मशिदीचे विश्वस्त आणि वस्तीतली माणसं यांना भेदभावाविरुद्ध एकत्र आणायचं असेल तर कुठून सुरुवात करायची आणि कुठं सांभाळायचं, ते इथं लिहितो आहे.

गावफेरी, तीही वस्तीपासून

बैठक बोलावण्याआधी गाव पायी फिरा. नळाला पाणी सुटायच्या वेळी निघा आणि सोबत वस्तीतल्या दोन-तीन बाया असू द्या. पुरुष मंडळी 'मोठे प्रश्न' सांगतात. रोजचा अपमान कुठं होतो ते बायांना माहीत असतं, कारण पाणी, दळण, किराणा आणि रेशन त्यांच्याच डोक्यावर असतं.

वॉल्व्ह कोण फिरवतं आणि वस्तीची पाळी कितव्या नंबरला येते, ते लिहा. टँकर आधी कुठं थांबतो? सिमेंटचा रस्ता कोणत्या घरापाशी संपतो? हॉटेलात चहाचे कप सारखेच आहेत, की कुणासाठी कागदी कप निघतो? वस्तीतली पोरं कटिंगला गावातल्याच सलूनमध्ये जातात की तालुक्याला? (इथं न्हाव्याला लगेच दोषी धरू नका. पुष्कळदा त्यालाच भीती असते की वस्तीतलं गिऱ्हाईक बसवलं तर बाकीचं गिऱ्हाईक तुटेल. त्याच्याशी वेगळं, एकट्यानं बोला.) शाळेत खिचडीच्या वेळी पोरं कशी बसतात, संडास झाडायला कोणाला सांगतात, अंगणवाडीत मदतनीस वस्तीतली असेल तर तिच्या हातचं सगळी लेकरं खातात का, हे बघा. राखीव जागेवर निवडून आलेल्या सरपंचबाई ग्रामपंचायतीत खुर्चीवर बसतात की दाराशी, आणि १५ ऑगस्टला झेंड्याची दोरी कोणाच्या हातात असते, हेही टिपा.

आणखी एक प्रश्न विसरू नका: हरिनाम सप्ताहाची वर्गणी वस्तीत मागायला जातात का? न मागणं ही सूट वाटते, पण तिचा अर्थ 'सप्ताह तुमचा नाही' असाच होतो.

पाण्याबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण आपल्या भागात सगळं पाण्यापाशी येऊन थांबतं. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर सहकाऱ्यांसह दौलताबादचा किल्ला बघायला आले. प्रवासानं धुळीनं माखलेल्या मंडळींनी दाराशी असलेल्या हौदावर हातपाय धुतले, तेव्हा हौद बाटवला म्हणून गलका झाला. गलका करणारे मुसलमान होते. पुढं किल्ल्यात त्यांनी कुठं पाण्याला हात लावू नये म्हणून हत्यारबंद शिपाई सोबत दिला गेला. हा प्रसंग मी बैठकांत मुद्दाम सांगतो. शिवाशिव कुण्या एका धर्माची मक्तेदारी नाही. ज्यांना स्वतःला भेदभाव सोसावा लागतो, तेही दुसऱ्यावर तो करतात. बौद्ध आणि मातंग वस्तीत, गावाच्या आणि पारध्यांच्या पालाच्या मध्ये, मुस्लिम मोहल्ल्यातल्या वेगवेगळ्या बिरादऱ्यांत तो सापडेल. तुमच्या वहीत या सगळ्यांना जागा ठेवा.

फेरीच्या दुसऱ्या टप्प्यात जुन्या माणसांपाशी बसा आणि फक्त ऐका. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला, आणि त्यानंतर इथल्या कित्येक गावांत दलित वस्त्या जाळल्या गेल्या. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. त्या सोळा वर्षांत मोठी झालेली पिढी आज साठीच्या आसपास आहे. गावानं 'झालं गेलं विसरून जा' म्हटलं की ही माणसं का गप्प होतात, ते ऐकल्याशिवाय पुढची एकही बैठक नीट होणार नाही.

कोणाला बरोबर घ्यायचं

सगळ्यात मोठी चूक इथं होते. सरपंच, तंटामुक्तीचे अध्यक्ष, पोलीस पाटील, दोन प्रतिष्ठित आणि वस्तीतला 'एक समजूतदार माणूस' अशी समिती बनते. हा समजूतदार माणूस बहुधा कुणाच्या तरी शेतावर सालगडी असतो, नाहीतर सोसायटीच्या कर्जात अडकलेला असतो. त्यानं बोलावं तरी कसं?

समितीत निम्मी माणसं भेदभाव सोसणाऱ्या समूहांतली हवीत, त्यातही निम्म्या बाया. त्यांची नावं वस्तीनं ठरवायची, गावानं नाही. हे जमत नसेल तर समिती बनवू नका. वस्तीच्या बचत गटाबरोबरच काम सुरू करा आणि बाकीच्यांना मागाहून जोडा.

गावातून कोण जोडावं? शाळा व्यवस्थापन समिती आधी. शिक्षण हक्क कायद्यानं तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात आणि वंचित घटकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्यावी लागते, म्हणजे एक कायदेशीर टेबल आधीच मांडलेलं आहे. आशाताई आणि अंगणवाडी सेविका घरोघर जातात, त्यांना गावाची नाडी माहीत असते. किराणा दुकानदार आणि पिठाची गिरणी चालवणारा यांना मी नेहमी आग्रहानं घेतो. बहिष्काराची वेळ आली तर तो त्यांच्याच दारात सुरू होतो, आणि त्यांनी माल द्यायचं ठरवलं तर तिथंच मोडतो. कीर्तनकार किंवा विणेकरी महत्त्वाचा. नरसीच्या नामदेवांच्या, गंगाखेडच्या जनाबाईंच्या, पैठणच्या नाथांच्या मुलखात कीर्तनातून निघालेल्या शब्दाला जे वजन आहे, ते आमच्या पत्रकाला नाही. मशिदीचे विश्वस्त, जयंती मंडळाची पोरं आणि ऊसतोडीचा एखादा मुकादमही हवा. मुकादम का, ते पुढं येईल.

बाहेरून दोन-तीन आधार लागतात: मोफत कायदेशीर मदत देणारी तालुका विधी सेवा समिती, बार्टीचे (डॉ. बाबासाहेब आंबेडकर संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे) समतादूत, जवळच्या महाविद्यालयाची राष्ट्रीय सेवा योजना. अंबाजोगाईच्या मानवलोकसारख्या, १९८२ पासून या भागात पाय रोवून असलेल्या संस्था आहेत. एकल महिलांच्या संघटना आहेत. गायरान जमिनीच्या लढ्यात एकनाथ आवाड यांच्या मानवी हक्क अभियानानं घडवलेले कार्यकर्ते अनेक तालुक्यांत आहेत. त्यांना भाषणाला बोलावू नका, बैठकीला बोलावून अनुभव विचारा.

येत्या पंचायत निवडणुकीला उभं राहायचं असलेल्या माणसाला निमंत्रक करू नका. तो कितीही चांगला असो.

बैठक कुठं घ्यायची, यावरही बरंच अवलंबून असतं. पहिल्या तीन बैठका वस्तीत घ्या, संध्याकाळी, मजुरीवरून बाया परतल्यावर. गावातल्या माणसाला वस्तीतल्या सतरंजीवर बसून चहा घ्यावा लागतो, तेव्हाच अर्धी परीक्षा होऊन जाते. जो 'आत्ताच घेऊन आलो' म्हणतो, त्याच्यावर रागावू नका. पुढच्या वेळी पुन्हा द्या.

कागदावर काय घ्यायचं

आता जे लिहितो, त्यासाठीच खरं तर हा लेख आहे.

सुरुवातीच्या काळात एका गावात मी अशाच एका समितीत होतो. पोळ्याला वेशीतून बैल नेण्यावरून वस्तीतल्या एका तरुणाला मारहाण झाली. समिती बसली. मीही बसलो. रात्री दोनपर्यंत सगळ्यांनी मिळून त्या पोराच्या आईला समजावलं: गावात राहायचंय, कोर्टाच्या चकरा परवडायच्या नाहीत, ते माफी मागतायत. तिनं तक्रार दिली नाही. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात 'सामंजस्यानं वाद मिटला' अशी बातमी आली आणि मला समाधान वाटलं. चार महिन्यांत ते कुटुंब गाव सोडून पुण्याकडं बांधकामावर गेलं. त्या माउलीनं जाताना मला एवढंच विचारलं, "दादा, तुमी कामून बसला होता तितं?" त्याचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही.

म्हणून समितीचा पहिला कागद हा 'आम्ही काय करणार नाही' याचा असावा. गुन्हा घडला तर तक्रार मागं घ्यायला किंवा न द्यायला समितीतला कुणीही सांगणार नाही. पीडित कुटुंबाच्या घरी समितीतले लोक त्यांनी बोलावल्याशिवाय जाणार नाहीत. उलटी तक्रार द्यायला कुणी मदत करणार नाही. बोलणी व्हायचीच असतील तर ती गुन्हा नोंदल्यानंतर, पीडिताच्या इच्छेनं, त्याच्या पसंतीच्या जागी आणि त्याच्या बाजूचा वकील समोर असताना. यावर प्रत्येकाची सही किंवा अंगठा घ्या. मोठ्यानं वाचून दाखवा. ज्याला सही जड जाते, तो आजच बाहेर गेलेला बरा.

दुसऱ्या कागदावर 'काय करणार' ते लिहा, पण थोडं. वर्षभरात तीन कामं, प्रत्येकाला जबाबदार दोन माणसं, एक वस्तीतलं आणि एक गावातलं. पैशाचा हिशेब दोघांच्या सहीनं.

पहिलं काम कोणतं निवडावं

मंदिर प्रवेशानं सुरुवात करावी असं उत्साही पोरांना वाटतं. हक्क आहेच, त्यात वाद नाही. पण समिती कोवळी असताना असं काम घ्या ज्यात गावाचाही फायदा दिसतो आणि जे रोज वापरात येतं. पाण्याचं वेळापत्रक, दहनशेड आणि कब्रस्तानचा रस्ता, दिवाबत्ती. वॉल्व्ह फिरवण्याचं काम आलटून पालटून दोन वस्त्यांतल्या माणसांना देणं, एवढ्या साध्या गोष्टीनं एका गावात उन्हाळाभराची भांडणं थांबलेली मी पाहिली आहेत. वेळापत्रक रंगानं टाकीवर लिहून काढा, म्हणजे तोंडी बदलता येत नाही.

हे ग्रामसभेत ठराव करून घ्यायचं. ठरावाची भाषा मोघम ठेवली की तो कपाटात जातो. 'गावात समता नांदावी' असा ठराव कुणीही करतं. त्याऐवजी असं लिहून द्या:

"गावातील सार्वजनिक दहनशेड, तेथील पाणी व तिकडे जाणारा रस्ता सर्व जाती-धर्मांच्या ग्रामस्थांसाठी खुला आहे. शेडची किल्ली ग्रामपंचायत कार्यालयात राहील व मागणीनंतर लगेच दिली जाईल. कोणी अडवणूक केल्यास ग्रामपंचायत अधिकारी (ग्रामसेवक) त्याच दिवशी गटविकास अधिकारी व पोलीस ठाण्यास लेखी कळवतील."

ठरावाची नक्कल शिक्क्यानिशी घ्या आणि समितीकडं ठेवा.

ग्रामसभेची तारीखही विचारानं निवडा. रिवाजानं ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला होतात. २६ जानेवारीला आपल्या भागातल्या कित्येक वस्त्या रिकाम्या असतात. दसरा-दिवाळीच्या सुमाराला उचल म्हणजे आगाऊ मजुरी घेऊन नवरा-बायकोच्या जोड्या ऊसतोडीला कारखान्यावर जातात, कोल्हापूर-सांगलीकडं, कर्नाटकात, आणि परतायला पाडवा उलटतो. म्हणजे जानेवारीत झालेल्या ठरावात ज्यांच्याबद्दल ठरतं, तेच कारखान्यावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, थंडीनं कुडकुडत असतात. महत्त्वाचा विषय १ मे किंवा १५ ऑगस्टला घ्या, फार तर २ ऑक्टोबरला. ग्रामसभेआधी होणारी महिलांची सभा कागदावरच उरकू देऊ नका, तिथं विषय मंजूर झाला की मुख्य सभेत तो खोडणं अवघड जातं. गणपूर्तीला १५ टक्के किंवा १०० मतदार, यातली जी संख्या कमी ती लागते. तेवढी माणसं वस्ती आणि बचत गट मिळून सहज आणू शकतात.

पैसा कुठून? अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्ती विकासाची योजना, स्मशानभूमीसाठी जनसुविधा योजना, वित्त आयोगाचा निधी आणि ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले दिव्यांगांसाठी राखून ठेवायचे ५ टक्के. विकास आराखडा बनतो तेव्हा हे मागायचं असतं, नंतर हात चोळण्यात अर्थ नाही.

जोडीला एक बिनपैशाचं काम करून घ्या. वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय राज्य सरकारनं डिसेंबर २०२० मध्ये घेतला. तरीही नमुना आठला (ग्रामपंचायतीच्या घराच्या उताऱ्याला), पाटीवर आणि आधारच्या पत्त्यात जुनं नाव सापडतं. नवं नाव वस्तीनं सुचवायचं, भीमनगर, समतानगर किंवा त्यांना आवडेल ते. शाळेच्या दाखल्यावरचा पत्ता बदलला की बाहेरगावी शिकायला गेलेल्या पोराची ओळख पत्त्यावरून होणं थांबतं.

सण, पंगत आणि मिरवणूक

गावं बिघडतात ती बहुतेक वेळा ठरावीक दिवशी: पोळा, शिवजयंती, १४ एप्रिल, १ ऑगस्टची अण्णाभाऊ साठे जयंती, मोहरमची सवारी, गणेश विसर्जन. तारखा आधीच माहीत असतात, मग तयारीही आधीच करता येते. वर्षाच्या सुरुवातीला समितीनं एक दिनदर्शिका बनवावी आणि प्रत्येक मिरवणुकीच्या पंधरा दिवस आधी मार्ग, वेळ, वाद्य आणि जबाबदार पोरांची नावं लिहून पोलीस ठाण्यात द्यावीत. मिरवणूक सार्वजनिक रस्त्यानं न्यायचा हक्क सगळ्यांना सारखा आहे. 'त्यांनी वेशीकडून येऊ नये' अशी तडजोड मान्य करू नका. वेळ ठरवा, आवाज ठरवा, पण रस्ता सोडू नका.

मिरवणुकीत पाणी वाटण्याचं काम दुसऱ्या वस्तीच्या पोरांनी करायचं, हा रिवाज आमच्या दोन गावांत रुजला. भीमजयंतीला तालमीची पोरं पाण्याचे जार घेऊन उभी असतात आणि शिवजयंतीला भीमनगरची. पहिल्या वर्षी हे मोठ्यांनी सांगून झालं. तिसऱ्या वर्षी कुणी सांगायला उरलं नव्हतं, पोरांनी स्वतःच जार भरले. मोहरमच्या सवारीपुढं पाणी ओतणाऱ्या हिंदू बायांची परंपरा मराठवाड्यात कितीतरी गावांत आहे. ती हल्ली 'आपलं नाही' म्हणून सोडायला सांगितली जाते. ती टिकवायला त्या बायांच्या पाठीशी उभं राहणं हेही समितीचंच काम.

सप्ताहाच्या पंगतीसाठी मात्र घाई करू नका. सगळ्यांना पंगतीत बसवणं त्या मानानं सोपं आहे, कारण त्यात देणारा मोठा राहतो. कसोटी लागते ती वाढणाऱ्या आणि रांधणाऱ्या हातांची. वस्तीतून वर्गणी घ्या, धान्य घ्या, मग भाकरी-आमटीच्या कामाला बाया बोलवा, मग वाढायला पोरं. एका गावाला या चार पायऱ्या चढायला चार सप्ताह लागले, म्हणजे चार वर्षं. विणेकरी बाबांनी काल्याच्या कीर्तनात स्वतः उभं राहून वस्तीतल्या बाईच्या हातचं पहिलं वाढून घेतलं, तेव्हा दोन घरं उठून गेली. बाकीचं गाव बसून राहिलं.

शाळा, कारखाना आणि पालं

ऊसतोडीला गेलेल्यांची लेकरं हंगामी वसतिगृहात राहू शकतात. ते शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालतं. यादी दिवाळीआधी करावी लागते, आणि कोणती जोडी कोणत्या कारखान्याला जाते हे फक्त मुकादमाला माहीत असतं. म्हणून मुकादम समितीत हवा. वसतिगृहात स्वयंपाकाला कोण आहे आणि कोणती लेकरं घरून डबा आणतात, त्यावर लक्ष ठेवा. भेदभाव तिथंही पोचतो.

गावाबाहेर पालं ठोकून राहणाऱ्यांकडं जाताना आधी त्यांच्याबद्दलची स्वतःची भीती तपासा. १८७१ च्या कायद्यानं इंग्रजांनी कित्येक जमातींवर जन्मतः गुन्हेगार असा शिक्का मारला. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कागदावरून पुसला, पण गावात चोरी झाली की पहिली गाडी अजून पालाकडंच वळते. या लोकांची सगळ्यात मोठी अडचण कागद ही आहे. फासेपारध्यांसारख्या अनुसूचित जमातीला जातीच्या दाखल्यासाठी १९५० आधीचा, तर विमुक्त-भटक्यांना १९६१ आधीचा रहिवास दाखवावा लागतो. ज्यांचे आजोबा बैलांवर संसार लादून फिरत होते, ते पुरावा कुठून आणणार? समितीनं पोलीस पाटलाचा दाखला, ग्रामसभेचा ठराव, जवळच्या नात्यातल्या कुणाचा आधी निघालेला दाखला आणि शाळेचा उतारा गोळा करून तहसीलला एका दिवशी सगळ्या पालांचे अर्ज एकत्र द्यावेत, आणि स्थानिक चौकशीची लेखी मागणी करावी. एकेकटा माणूस खिडकीवरून परत पाठवला जातो. चाळीस माणसं सरपंचासह आली की खुर्ची मागवली जाते.

विधवा आणि टाकलेल्या बाया यांच्याबद्दल: कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात सरकारनं तो सगळ्या ग्रामपंचायतींपुढं ठेवला. ठराव चांगला आहे, करा. पण आपल्याकडं आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबातल्या बाईला त्याआधी सातबाऱ्यावर नाव लागतं. वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडं समितीतल्या दोन बायांनी तिच्याबरोबर जाऊन द्यावा. घर आणि जमीन नावावर असली की हळदीकुंकवाला बोलावणं आपोआप येतं.

ठिणगी पडली तर

गेल्या काही वर्षांत आरक्षणाच्या वादातून आपल्या जिल्ह्यांत 'अमक्यांच्या दुकानात जाऊ नका' असे संदेश मोबाइलवर फिरले. पिढ्यान्‌पिढ्या उधारीवर चाललेली नाती आठवड्यात तुटली. असा संदेश आला की समितीनं त्याच संध्याकाळी पारावर जमायचं आणि एकत्र जाऊन त्याच दुकानातून चहा-साखर घ्यायची. हे मी करून पाहिलं आहे. लांबलचक आवाहनापेक्षा सात-आठ माणसांच्या हातातल्या पिशव्या लवकर दिसतात.

मारहाण, अडवणूक, जातिवाचक शिवीगाळ असं घडलं तर क्रम असा ठेवा. जखमीला सरकारी दवाखान्यात न्या आणि केस पेपर, इजेचा दाखला मागून घ्या. तक्रार पीडिताच्याच शब्दांत, शक्यतो लेखी. घटना कुठल्याही हद्दीतली असो, समोरच्या ठाण्याला ती घ्यावी लागते. अॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही, हे कायद्यातच लिहिलं आहे. 'आधी चौकशी करू' असं उत्तर मिळालं तर हे शांतपणे सांगा. तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानं करायचा असतो, साठ दिवसांत. सरकारी नोकरानं यात जाणूनबुजून कुचराई केली तर त्याच्यासाठीही शिक्षा आहे. ठाण्यात दाद मिळाली नाही तर पोलीस अधीक्षकांना टपालानं तक्रार पाठवा आणि पोच जपा. १४५६६ ही अत्याचाराविरुद्धची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, मोफत वकिलासाठी १५१००. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना, सगळ्या स्त्रियांना आणि दिव्यांगांना मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

पाणी, स्मशान, रस्ता, दुकान अडवणं आणि बहिष्काराची धमकी देणं, हे सगळं २०१५ च्या दुरुस्तीनंतर अॅट्रॉसिटी कायद्यात स्पष्ट आलं आहे. जातपंचायतीनं आपल्याच जातीतल्या माणसाला वाळीत टाकलं असेल तर त्यासाठी राज्याचा वेगळा कायदा आहे, २०१६ चा, जुलै २०१७ पासून लागू, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. कोणतं प्रकरण कशात बसतं याची गल्लत कार्यकर्तेही करतात, म्हणून वकिलाला विचारून घ्या.

पीडिताला मिळणारं अर्थसाहाय्य टप्प्याटप्प्यानं येतं. काही गुन्हा नोंदल्यावर, काही आरोपपत्र कोर्टात गेल्यावर. समाजकल्याण कार्यालयात पाठपुरावा करायला समितीनं एक माणूस नेमावा. उपविभागीय आणि जिल्हा दक्षता समितीची बैठक दर तीन महिन्यांनी व्हायला हवी. झाली का, असं लेखी विचारत राहा. आणि या सगळ्या काळात त्या घराचं दळण, किराणा, मजुरी चालू आहे ना, हे रोज बघा. खटला वर्षांत चालतो. माणसं मोडतात ती पहिल्या पंधरवड्यात, चूल पेटत नाही म्हणून. गिरणीवाला समितीत का हवा होता, ते आता कळलं असेल.

पुन्हा गावफेरी

दर वर्षी मे महिन्यात, जोड्या परतल्यावर, तीच फेरी त्याच प्रश्नांनी काढा. जुनं पान आणि नवं पान समोरासमोर ठेवून वाचा. काय बदललं ते वस्तीतल्या माणसांनी सांगायचं, समितीतल्या गावच्या माणसांनी ऐकायचं. जे बदललं नाही त्याला कारणं जोडू नका, पुढच्या वर्षाच्या तीन कामांत ते टाका. निमंत्रक दोन वर्षांनी बदला.

वहीची एक प्रत ग्रामपंचायतीत द्या आणि दुसरी वस्तीतल्या बचत गटाच्या पेटीत ठेवा. केज तालुक्यातल्या एका गावात ती तिथंच असते, हिशेबाच्या वहीखाली. कारखान्यावरून परतलेल्या बाया हिशेबाच्या आधी ती काढतात आणि वाचता येणाऱ्या पोरीला म्हणतात, वाच बरं, मागच्या साली पाणी किती मिनिटं लिहिलं होतं.